वसंतातलं हिमस्खलन: नवख्यांनी निघण्याची आणि परतण्याची वेळ कशी ठरवावी

वसंत ऋतूत बर्फाळ डोंगरात पहिल्यांदा जाणाऱ्याची फसगत बहुतेक वेळा चांगल्या हवामानामुळे होते. वादळ असेल तर नवखाही तंबूबाहेर पडत नाही. पण निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि लख्ख ऊन पाहून वाटतं की आजच्यासारखा दिवस पुन्हा मिळायचा नाही. हिवाळ्यातली बरीच हिमस्खलनं नव्या बर्फामुळे आणि वाऱ्याने रचलेल्या थरांमुळे होतात, म्हणजे बिघडलेल्या हवेतून येतात. वसंतातली ओली हिमस्खलनं उन्हातून आणि उबेतून येतात, आणि त्यांचं बरंचसं वेळापत्रक आधी ओळखता येतं. हा लेख त्या वेळापत्रकाबद्दल आहे. ते न पाळणारे दोन-तीन प्रकारही आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

आधी बर्फात काय घडतं ते

समुद्रकिनारी वाळूचा किल्ला बांधताना कोरडी वाळू टिकत नाही. थोडी ओली वाळू घट्ट बसते आणि जास्त पाणी ओतलं की तोच किल्ला ढासळतो. बर्फाचंही असंच असतं. कणांमध्ये किंचित ओल असेल तर ती कणांना धरून ठेवते. ओल वाढत गेली की कणांमधले सांधे विरघळतात, पाणी खाली झिरपू लागतं आणि उतारावरचा सगळा भार नुसत्या घर्षणावर उरतो.

दुसरी गोष्ट तापमानाची. हिवाळ्यात बर्फाच्या थराच्या आत शून्याखालची थंडी साठलेली असते. वसंतात ती हळूहळू संपते आणि वरपासून जमिनीपर्यंत सगळा थर ० अंशावर येतो. त्यानंतर मिळालेली उष्णता बर्फाला आणखी गरम करू शकत नाही, ती थेट वितळवण्याच्या कामी लागते. म्हणूनच मार्चमध्ये ज्या उन्हाने काहीच झालं नाही, तेवढ्याच उन्हाने काही आठवड्यांनी उतार सुटू शकतो. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के सूर्यप्रकाश परत फेकतो. जुना, ओला, धूळ बसलेला बर्फ त्याहून बराच कमी परतवतो आणि उरलेला शोषून घेतो. मळकट दिसणारा उतार लवकर मऊ होतो, हे लक्षात राहू द्या.

पहिली पायरी: निर्णय आदल्या रात्री घ्या

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा: वसंतात उद्याची सकाळ सुरक्षित आहे की नाही, हे आज रात्री ठरतं.

दिवसा ओला झालेला बर्फ रात्री गोठला तर वर एक कडक कवच तयार होतं. ते खालच्या मऊ थराला आवळून धरतं, आणि तुम्ही पहाटे त्यावरून रस्त्यावरून चालावं तसे चालता. कवच जितकं जाड, तितका सकाळी वेळ जास्त. रात्री गोठलंच नाही तर कालच्या दुपारचा धोका आज पहाटे जसाच्या तसा उभा असतो. अशा दिवशी लवकर निघूनही उपयोग नाही.

इथे नवखे एक चूक हमखास करतात. ते फक्त तापमानाचा आकडा पाहतात. बर्फ रात्री आपली उष्णता आकाशात सोडतो, त्यामुळे आकाश मोकळं आणि हवा कोरडी असेल तर बर्फाचा पृष्ठभाग आसपासच्या हवेपेक्षा काही अंश जास्त थंड होतो. हवा शून्याच्या किंचित वर असूनही बर्फ छान गोठू शकतो. उलट ढगांची चादर असेल तर ही उष्णता अडते आणि थर्मामीटर शून्याच्या आसपास असूनही कवच धरत नाही, धरलं तरी पापुद्र्याएवढंच. म्हणून झोपण्याआधी बाहेर या आणि वर पाहा. मध्यरात्री जाग आली तर पुन्हा पाहा. चांदण्या स्पष्ट दिसत असतील तर सकाळ मिळण्याची शक्यता बरी. ढग दाटलेले असतील किंवा उबदार वारा वाहत असेल, तर गजर बंद करून झोपलात तरी चालेल.

पाऊस पडला असेल तर हिशेबच निराळा. थंड, कोरड्या बर्फावर पडलेला पहिला पाऊस वजन वाढवतो आणि त्याच वेळी थर कमकुवत करतो. त्याला दुपारची वाट पाहावी लागत नाही. पाऊस सुरू झाल्यापासून थोड्याच वेळात उतार सुटू शकतात.

दुसरी पायरी: हिमस्खलनाचं पत्रक वाचा, पण आकड्यावर थांबू नका

बऱ्याच पर्वतीय प्रदेशांत हिवाळा-वसंतात हिमस्खलनाच्या धोक्याचं पत्रक रोज निघतं. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत धोक्याच्या पाच पातळ्या असतात: १ कमी, २ मध्यम, ३ लक्षणीय, ४ जास्त आणि ५ अत्यंत जास्त. नवख्याला ३ म्हणजे ‘मधलं काहीतरी’ वाटतं. ही पट्टी तशी नाही. प्रत्येक पातळीला धोका एकेक पायरी न चढता उड्या मारत वाढतो, आणि मोठ्या संख्येने जीवघेणे अपघात ३ या पातळीवरच होतात, कारण त्या दिवशी माणसं बाहेर पडतात.

वसंतातल्या पत्रकात अनेकदा दोन नकाशे असतात, एक सकाळचा आणि एक दुपारचा. सकाळी १ आणि दुपारी ३ असा दिवस अगदी नेहमीचा आहे. सकाळचा नकाशा पाहून निघायचं आणि दुपारी परतायचं, अशी गल्लत होऊ देऊ नका. आकड्याखालचा मजकूर नक्की वाचा. कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेच्या उतारांवर आणि कशामुळे धोका आहे ते तिथे लिहिलेलं असतं. ‘ओला बर्फ’, ‘सरकता बर्फ’ आणि ‘जुना कमकुवत थर’ हे तीन शब्द दिसले तर तो परिच्छेद दोनदा वाचा.

पत्रक निघतच नाही अशा भागात जात असाल तर तिथल्या वाटाड्यांना आणि डोंगरात राहणाऱ्यांना विचारा: गेल्या तीन-चार दिवसांत काय पडलं, रात्री गोठतंय का, कुठल्या घळीतून बर्फ उतरलाय?

तिसरी पायरी: नकाशावर उतार मोजा

लादीसारखा एकसंध थर तुटून होणारी हिमस्खलनं बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुरू होतात. त्यातही ३८ अंशांच्या आसपासचे उतार बदनाम आहेत. ३० अंश डोळ्यांना फार तीव्र वाटत नाहीत, म्हणून अंदाजावर जाऊ नका. ३० अंशांवरचे उतार रंगवून दाखवणारे नकाशे फोनवर मिळतात, आणि प्रत्यक्ष उतारावर कोन मोजायला साधं क्लिनोमीटर पुरतं. पाण्याने पार भिजलेला बर्फ मात्र याहून सौम्य उतारावरूनही सुटतो, तेव्हा २८ अंश दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका.

आपल्या पायाखालचा उतार सगळेच पाहतात. डोक्यावर काय आहे ते पाहायला माणूस विसरतो. तुमची वाट सपाट दरीतून जात असेल आणि दरीच्या वर तीव्र, उन्हातले उतार असतील तर तुम्ही हिमस्खलनाच्या वाटेतच चालत आहात. हिवाळ्यात स्खलनाला बरेचदा माणसाचंच वजन निमित्त होतं. ओल्या बर्फाला तुमची गरज नसते, तो आपणहून सुटतो. त्यामुळे ‘आपण तर उतारावर चढलोच नाही’ हे समाधान वसंतात खोटं ठरतं.

घळी आणि नाळी टाळा. तिथे सगळीकडून बर्फ एकत्र येतो, आणि वाहून आलेला माणूस खोल गाडला जातो. शक्य असेल तिथे सोंडेवरून किंवा रुंद धारेवरून जाणारी वाट निवडा, मग ती दुप्पट लांबीची का असेना.

चौथी पायरी: उलटं वेळापत्रक लिहा

उत्तर गोलार्धात सूर्य आधी पूर्वेकडच्या उतारांवर येतो, मग दक्षिणेकडच्या आणि दुपारनंतर पश्चिमेकडच्या. उत्तरेकडचे उतार सर्वांत शेवटी तापतात. (दक्षिण गोलार्धात उत्तर-दक्षिण उलट करून वाचा.) म्हणजे ‘दुपारी बारापर्यंत परत’ असा एकच नियम सगळीकडे लावून चालत नाही. वसंतात सूर्य लवकर उगवतो, पूर्वेकडच्या तीव्र उतारावर तो जवळजवळ काटकोनात पडतो आणि तिथला बर्फ सकाळी नऊ-दहालाच पोटातून सुटायला लागू शकतो.

वेळापत्रक शिखरापासून लिहू नका, परतीपासून लिहा. परतीच्या वाटेवरचा सर्वांत धोक्याचा उतार शोधा. तो कोणत्या दिशेचा आहे आणि मऊ कधी होईल याचा अंदाज करा. त्याआधी किमान तासभर तो ओलांडून झालेला असायला हवा. तिथून मागे मोजत या: उतरायला किती, वर थांबायला किती, चढायला किती. जो आकडा येईल तो निघण्याचा. तो पहाटे तीनचा आला तर तीनला निघा. तीनला उठणं जमणार नसेल तर दुसरी वाट निवडा, वेळापत्रक ताणू नका. मी स्वतः एकदा ते तासाभराने ताणलं होतं. चढताना बूट वाजत होते, उतरताना मांडीपर्यंत पाय जात होते, आणि वरून बर्फ घसरल्याचा आवाज आला की आम्ही सगळे एकदम मान वर करत होतो. काही झालं नाही. पण तो आमचा शहाणपणा नव्हता.

परत फिरण्याची वेळ कागदावर लिहा आणि सगळ्यांना सांगा. शिखर समोर दिसत असताना घेतलेले निर्णय वाईट असतात, म्हणून हा निर्णय खालीच घेऊन ठेवायचा.

पाचवी पायरी: चालताना बर्फाचं ऐका

पहाटे निघाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कवच तपासा. टाच आपटा, काठी रोवा. काठीचं टोक जेमतेम आत जातंय आणि पूर्ण वजन टाकलं तरी बूट वरच राहतोय, तर रात्रीने आपलं काम केलंय. कवच फुटून खाली ओला भुसा लागला तर अंधार असला तरी मागे फिरा.

सूर्य वर आला की वरचे काही सेंटिमीटर मऊ होतात. हा स्कीवाल्यांचा आवडता काळ, दाणेदार बर्फावर छान घसरता येतं. तो फार टिकत नाही. पुढची चिन्हं कशी क्रमाने येतात ते पाहा. प्रथम उन्हात तापलेल्या खडकांच्या आणि झाडांच्या आसपास बर्फ सुटू लागतो. मग उतारावरून छोटे गोळे घरंगळतात आणि मागे रेघा सोडतात. ते गोळे मोठे होत जातात, चटईच्या गुंडाळीसारखे दिसू लागतात. त्यानंतर एका बिंदूपासून सुरू होऊन खाली पंख्यासारखी पसरत जाणारी ओली घसरण दिसते. तोपर्यंत तुम्ही त्या उतारावर किंवा त्याच्या खाली असता कामा नये.

पायाचं माप त्याहून सोपं आहे. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला की तीव्र उतार सोडण्याची वेळ झाली. गुडघ्यापर्यंत जाण्याची वाट पाहणं म्हणजे ती वेळ निघून जाऊ देणं.

तुम्ही दरीत सावलीत, थंडीत चालत असाल आणि वरचा उतार दोन तासांपासून उन्हात असेल, तर तुमच्या पायाखालचा टणक बर्फ तुम्हाला वरचं काहीच सांगत नाही. संध्याकाळी सूर्य मावळल्यावरही असंच फसायला होतं. पृष्ठभाग चटकन कडक होतो, आत मात्र पाणी खाली झिरपतच असतं. ते जुन्या कडक थरावर किंवा जमिनीवर साचून लादी सुटली, तर ती दुपारचं ऊन उतरल्यानंतरही सुटू शकते.

धारेवरून पलीकडे लोंबणारे हिमाचे छज्जे, म्हणजे कॉर्निस, वसंतात मऊ होऊन कोसळतात. ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच आतून तुटतात, म्हणून धारेवरून चालताना कडेपासून भरपूर आत राहा, दगड दिसतात तिथून चाला. आणि त्यांच्याखाली जेवायला बसू नका. हे सांगावं लागतं, कारण तिथे वारा कमी असतो आणि माणसं बसतात.

घड्याळ न पाळणारे प्रकार

गवताळ किंवा गुळगुळीत खडकाच्या उतारावर कधीकधी बर्फाचा पूर्ण थर जमिनीवरून हळूहळू सरकतो आणि वर माशाच्या तोंडासारखा तडा पडतो, त्यातून तपकिरी जमीन दिसते. असा थर तासाभरात कोसळेल, महिन्याने कोसळेल किंवा तसाच वितळून जाईल. रात्री, थंडीतही तो सुटू शकतो. त्याचा अंदाज तज्ज्ञांनाही नीट बांधता येत नाही. उपाय एकच: तड्याखालून जायचं नाही. जावंच लागलं तर न थांबता, भराभर.

दुसरा प्रकार हिवाळ्यापासून खोल दबलेल्या कमकुवत थराचा. हंगामातलं पहिलं वितळलेलं पाणी तिथे पोचतं तेव्हा तो जागा होतो, म्हणून वसंतातली पहिली मोठी उबदार लाट विशेष घातक. आणि कधी तो कोरडाच असतो, ओलीशी संबंध नसतो. २० एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडोत शीप क्रीक इथे सहा जणांचा गट अशाच खोल थरावरून सुटलेल्या लादीखाली सापडला आणि पाच जण गेले. त्यांच्याकडे बचावाची साधनं होती. कॅलेंडरवर एप्रिल आला म्हणून हिवाळ्याचा धोका संपत नाही. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा बर्फाला लांब चीर गेली तर वेळ कुठलीही असो, मागे फिरा.

तिसरा प्रकार हिमनदीचा. ३ जुलै २०२२ रोजी इटलीतल्या मार्मोलाडावर हिमनदीचा तुकडा तुटून ११ जणांचा बळी गेला. तो साचलेल्या बर्फाचा थर नव्हता, हिमनदीचं बर्फ होतं, आणि ते सकाळच्या कवचाच्या हिशेबात बसत नाही. लटकत्या हिमनदीखालून जाणारी वाट शक्यतो घेऊच नका.

सहावी पायरी: साधनं आणि उतार ओलांडणं

प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधता यावा म्हणून सिग्नल देणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), पाठपिशवीत किमान २४० सेंटिमीटरची शोधकाठी आणि धातूचं फावडं हवं. तिघांत एक फावडं पुरत नाही, कारण फावडंवालाच गाडला गेला तर? निघताना प्रत्येकाचा ट्रान्सीव्हर सिग्नल देतो आणि पकडतो का, ते तपासा. फोन आणि इतर विजेची उपकरणं त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर दूर ठेवा, शोधताना ५० सेंटिमीटर. आणि ही साधनं वापरायला शिकायची जागा म्हणजे अभ्यासवर्ग, अपघात नव्हे.

संशयास्पद उतार ओलांडावाच लागला तर एकेकाने. बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवतील. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा. शक्य तितक्या वरून ओलांडा म्हणजे डोक्यावरचा बर्फ कमी राहतो. मध्ये फोटो नाहीत.

सापडलात तर

ओलं स्खलन कोरड्यापेक्षा सावकाश येतं, त्यामुळे बाजूला पळायला एखादा क्षण मिळू शकतो. ओरडा, कडेकडे जा, काठ्या-स्की सोडून द्या, पाठपिशवीत फुगणारी एअरबॅग असेल तर ती ओढून उघडा. वाहून जात असताना वर राहण्यासाठी झगडा. वेग कमी होतोय असं वाटताच हात तोंडासमोर आणा, कारण थांबल्यावर ओला बर्फ काँक्रीटसारखा आवळतो आणि बोटही हलत नाही.

जोडीदार गाडला गेला तर

मदतपथक येईपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. वाचवणारे तुम्हीच. स्वित्झर्लंडमधल्या अपघातांच्या अभ्यासानुसार पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वाचतात, अर्ध्या तासाला हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर येतं. जड, ओल्या बर्फात गुदमरणं आणखी लवकर होतं.

आधी वर पाहा, दुसरा उतार सुटायच्या बेतात नाही ना. एकाला पहाऱ्यावर ठेवा. माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा मनात पक्की करा, संपर्क होत असेल तर एकाने मदत मागवावी, आणि सगळ्यांनी ट्रान्सीव्हर शोधावर आणावेत. एकाचा जरी सिग्नल देत राहिला तरी शोध भरकटतो. त्या जागेपासून खाली शोधत जा, जाताना पृष्ठभागावर हातमोजा, काठी, बूट दिसतो का ते पाहा. सिग्नल जोरात झाला की ट्रान्सीव्हर बर्फालगत आणून त्यावर अंतराचा सर्वांत कमी आकडा कुठे दिसतो ते शोधा. तिथून २५ सेंटिमीटरच्या अंतराने गोल फिरत शोधकाठी खुपसा. ती माणसाला लागली की काढू नका.

थेट काठीपाशी खाली खणत बसू नका. जितक्या खोलीवर माणूस लागलाय त्याच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला जा आणि तिथून आडवं आत खणा. एक मीटर खोलीसाठी टनभर बर्फ हलवावा लागतो, म्हणून पुढचा थकला की लगेच जागा बदला. चेहरा लागला की तोंडातला बर्फ काढा, छातीवरचा भार हटवा, श्वास नसेल तर तिथेच, शरीर पूर्ण मोकळं होण्याआधी, कृत्रिम श्वास सुरू करा. बाहेर काढताना आडवं ठेवा आणि सावकाश हलवा. गारठलेल्या माणसाला हिसका बसला तर हृदयाची लय बिघडू शकते.